वेशीचा चढ आणि आमचा टर्बो

सत्तरच्या दशकात परभणीत आम्ही एका जुन्या, चार सिलिंडरच्या मोटारीला टर्बो बसवला होता, असं मी सांगितलं की माणसं दोन प्रकारची निघतात. एक म्हणतात, शक्य नाही. दुसरे म्हणतात, कशाला? पहिल्यांशी मी वाद घालत नाही. दुसऱ्यांसाठी हे लिहितोय.

मी कालव्याच्या खात्यात मेकॅनिक होतो. माझे आईवडील येलदरीच्या धरणावर डोक्यावरून माती वाहायचे. मी माती ढकलणारे डोझर दुरुस्त करायला लागलो, तेव्हा वडील एकदा कार्यशाळेत आले, डोझरच्या पात्याला हात लावून बघितला आणि म्हणाले, "आमच्या टायमाला हे असतं तर तुझ्या मायची मान दुखली नसती." माझ्या नोकरीबद्दल ते एवढंच बोलले.

टर्बो माझ्या आयुष्यात आला तो त्या डोझरमुळे. इंजिनाला डिझेल लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, हवा लागते हे कुणाच्या लक्षात राहत नाही. चुलीत लाकडं कितीही कोंबा, फुंकर नसेल तर नुसता धूर. म्हणून लोहार भाता ठेवतो. टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता. फरक एवढाच की हा भाता ओढायला माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एका दांड्यावरचं चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जो धूर वाया जायचा, तोच कामाला लागतो. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

पालमकडचा एक ऑपरेटर होता, मारोती. जेवणाची सुटी झाली की खटकन इंजिन बंद करायचा. टर्बोचा दांडा तेलावर तरंगत फिरतो. इंजिन बंद झालं की तेल बंद, पण चक्र तापलेलं असतं आणि फिरतच असतं. त्याच्या टर्बोचं बेअरिंग सारखं जळायचं. कितीदा सांगितलं, ऐकेना. शेवटी मी विचारलं, "मारोतराव, बैल औताचा सोडला की लगेच पाणी पाजता का?"

"न्हाई. आधी घाम मरू देतो."

"मग ह्याचाबी घाम मरू द्या की. थोडा वेळ हळू चालू द्या, मग बंद करा."

त्यानंतर त्याचा टर्बो कधी माझ्याकडे आला नाही. मारोती मात्र यायचा, नवीन ऑपरेटरला दंडाला धरून. "मिस्त्री, ह्याला ते बैलाचं सांगा."

गाडी आली ती चाँदभाईमुळे. एसटी स्टँडच्या मागे चाँदभाईचं पेट्रोल गाड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे लिंबाचं झाड आणि एक पत्रा. मी डिझेलवाला, तो पेट्रोलवाला. कार्बोरेटर तो कानानं लावायचा, स्क्रू फिरवताना डोळे मिटून घ्यायचा. परभणीतल्या एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांची विलायती मोटार वर्षानुवर्षं त्यांच्या शेडात पडून होती. काळी, फुगीर, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. वकीलसाहेब हैदराबादला मुलाकडे कायमचे निघाले होते. त्यांनी चाँदभाईला बोलावलं आणि किल्ली हातात दिली. "चलाए तो तुमारी. भंगार में बेचे तो मेरे सामने आना नक्को."

आम्ही ती बैलगाडीला बांधून ओढत आणली. रविवारी रविवारी तिच्यावर काम करायचं ठरलं. माझं तेव्हा लग्न झालं नव्हतं आणि चाँदभाईचं झालं होतं, त्यामुळे दोघांनाही रविवारी घराबाहेर राहायला कारण हवंच होतं. गाडी सुरू झाली. चालायला लागली. तिच्यात दम मात्र नव्हता. सपाटीला ठीक, पण रेल्वे फाटकाच्या चढाला धापा टाकायची.

त्याच सुमारास माझी थोरली बहीण, गयाआक्का, मुख्याध्यापिका झाली. आमच्या वस्तीत बाईमाणसानं मॅट्रिक होणं हीच मोठी गोष्ट होती, आक्का त्याच्याही पुढे गेली. तिची बदली झाली बोरीच्या पुढच्या एका गावाला. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली नातवंडं आज माझ्या नातवंडांबरोबर एका वर्गात बसतात. बोरीपर्यंत एसटी, पुढे पायी. आक्काचा संसार थोडा होता, एक पेटी, स्टो, भांडी, पुस्तकांचं पोतं. मी म्हणालो, "आक्का, आपल्या गाडीत नेऊ."

गाव उंचवट्यावर. आपली वस्ती खाली, ओढ्याच्या कडेला. शाळा वर, वेशीच्या आत. खालून वर जायला दगडी फरसबंदीचा उभा चढ, आणि चढाच्या तोंडाशीच विहिरीला वळसा, त्यामुळे लांबून जोर धरून यायची सोय नाही. वेशीला लागून ओटा, आणि ओट्यावर माणसं बसलेली.

गाडी निम्म्या चढावर गेली आणि मेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा मेली. ब्रेक सोडला की ती मागे सरकायची. मी खिडकीतून डोकं काढून ओट्याकडे बघून म्हणालो, "जरा हात लावता का, भाऊ?"

कुणी उठलं नाही. तिथं एक पोक्त गृहस्थ बसले होते, दादाराव. गावात त्यांचा शब्द चालायचा. ते शांतपणे म्हणाले, "तुमची माणसं हायत की खाली. त्यान्ला बोलवा."

आवाजात राग नव्हता. उन्हाळ्यात ऊन असतं तसं ते बोलले.

बोलवावं लागलंच नाही. खालच्या लोकांनी बघितलं होतं. सखाराममामा आले, वस्तीतले सगळ्यात वयस्क. त्यांच्या मागून चार-पाच गडी, आणि पिठाच्या हातांनी दोन बाया. आक्का आधीच उतरली होती. त्यांनी गाडीला खांदे लावले आणि गाडी वर गेली. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, गाडी मात्र त्यांच्या खांद्यावर होती. आक्का पुस्तकांचं पोतं कडेवर घेऊन मागून चालत आली.

वर पोचल्यावर तिनं सामान लावलं, चहा केला, कप माझ्या हातात दिला आणि मग म्हणाली, "कचरू, ही गाडी कुणाचा हात न लागता हा चढ चढंल का?"

"आत्ता न्हाई."

"मग चढंल तवा आण. तवर आणू नको."

खरं सांगायचं तर इंजिन उघडून नीट बांधलं असतं, रिंगा, व्हॉल्व्ह बघितले असते, तर निम्मं काम तेवढ्यानंच भागलं असतं. चाँदभाईनं तसं सांगितलंही. पण मला निम्मं नको होतं. आणि हौस म्हणाल तर तीही होतीच. डोझरचं बळ मी रोज बघत होतो. ते बळ या काळ्या गाडीत आलेलं मला बघायचं होतं.

डोझरचा टर्बो घागरीएवढा. तो मोटारीला लावणं म्हणजे निरांजनाला लोहाराचा भाता लावण्यासारखं. लहान हवा होता. खडक फोडायच्या ड्रिलला हवा पुरवणारं एक परदेशी कॉम्प्रेसर लिलावात भंगारात गेलं होतं, त्याच्या इंजिनाला तसा लहान टर्बो होता. तो ज्या भंगारवाल्याकडे गेला, त्याचा ट्रक कायम आजारी. चाँदभाईनं आणि मी तो ट्रक बरा केला आणि टर्बो घरी आणला. नारळासारखा हातात धरून मी तो आईला दाखवला. आई म्हणाली, "गोगलगाय दिसायलीय."

पुढची अडचण पेट्रोलची. पेट्रोल डिझेलसारखं सोशिक नसतं. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा भरली की ते वेळेआधीच पेटतं, आणि आतून कुणी हातोडी मारावी तसा आवाज येतो. चार-सहा वेळा असं झालं की पिस्टनला भोक. उपाय एकच, सिलिंडरमधला मूळचा दाब कमी करायचा. आणि इथं आमचं नशीब उघडलं. आमच्या मोटारीच्या इंजिनाचा सख्खा भाऊ एका ट्रॅक्टरला बसवलेला असायचा. त्यातले काही ट्रॅक्टर रॉकेलवर चालायचे, आणि रॉकेलसाठी त्यांचे पिस्टन मुद्दाम कमी दाबाचे केलेले असत. पालमजवळच्या एका शेतात असा मेलेला ट्रॅक्टर गोठ्याचा खांब होऊन उभा होता. मारोतीनंच ठिकाण सांगितलं. पिस्टन आणले, ते ज्यात सरकतात त्या नळ्यांसकट, म्हणजे लायनरसकट. बसवले तर जणू माहेरी आले. त्या रविवारी चाँदभाईनं सगळ्या स्टँडला चहा पाजला.

धूर टर्बोपर्यंत न्यायचं नळकांडं आम्ही जाड पाइप कापून, वेल्डिंग करून बनवलं. ते तडकलं. पुन्हा बनवलं, पुन्हा तडकलं. तिसऱ्यांदा त्याला खालून आधार दिला, तेव्हा टिकलं. कार्बोरेटरचं काम चाँदभाईचं. टर्बोची दाबलेली हवा कार्बोरेटरच्या तोंडात फुंकली की पेट्रोल उलटं खाली ढकललं जातं आणि इंजिन उपाशी राहतं. त्यानं पूर्ण कार्बोरेटर एका पत्र्याच्या पेटीत बंद केला, म्हणजे आतबाहेर दाब सारखा. तीच हवा एका नळीनं पेट्रोलच्या पंपाच्या पडद्याखाली नेली, म्हणजे पंपही तेवढ्याच जोरानं ढकलणार. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लिंबाखाली डोळे मिटून बसला आणि उठून करायला लागला. माझ्या उभ्या नोकरीत मी बरीच डोकी बघितली, पण असं नाही.

पहिल्यांदा गाडी रस्त्यावर काढली. थोडा वेळ नेहमीसारखीच होती. मग बॉनेटमधून बारीक शीळ यायला लागली, शीळ चढत गेली, आणि पाठ सीटला टेकली. समोर एसटी होती. ती मागे गेली. पुढे एक जीप होती, तीही मागे गेली. चाँदभाई हळूच म्हणाला, "कचरू, ये तो उडती है." संध्याकाळपर्यंत ही बातमी त्यानं गावभर केली होती.

मी मात्र दुसऱ्या रविवारी गाडीत ज्वारीची पोती भरली आणि जिंतूरच्या बाजूला एक उभा चढ शोधून तिथं नेली. विहिरीच्या वळणावर असते तशी, जोर न धरता, चढाच्या तोंडापासून हळू सोडली. निम्म्यावर मेली. आक्काच्या चढावर मेली तशीच.

कारण मला लगेच कळलं, आणि आधी कसं कळलं नाही याचं वाईट वाटलं. टर्बो धुरावर फिरतो. इंजिन हळू चालत असेल तर धूर कमी, धूर कमी तर भाता झोपलेला. आमचा टर्बो जागा व्हायचा तो वेगात. चढाच्या तोंडाशी, जिथं गरज होती तिथं, तो गाढ झोपलेला.

उपाय होता. रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की तेवढंच पाणी जोरात उडतं. तसं टर्बोत धूर शिरतो तिथलं तोंड बारीक करायचं, म्हणजे थोडा धूरही चक्रावर जोरात आदळेल आणि टर्बो लवकर उठेल. पण त्याची किंमत होती. वेगात धूर वाढला की तेच बारीक तोंड त्याला अडवणार. गाडी चढ चढेल, पण उडणार नाही.

चाँदभाईला सांगितलं तर तो पान्हा खाली ठेवून उठला. "रफ्तार काटके क्या करना है? सारे स्टँड को मालूम है ये जीप को पीछे डालती. अब मैं क्या बोलू?"

मी तोवर त्याला चढाचं काही सांगितलं नव्हतं. आक्काला गाडी हवी आहे एवढंच त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी सांगितलं. ओटा, दादाराव, खालून धावत आलेली माणसं, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. पत्र्याखालच्या माठातलं पाणी प्यायला. मग पान्हा उचलला आणि बॉनेट उघडलं. "मेरे को पहले दिन बोलना था," तो म्हणाला. "तोंड कितना बारीक करना, बोल."

मी लेथवर एक कडी उतरवून आणली, ती आत बसवली. काढली, आणखी बारीक केली, पुन्हा बसवली. हवा भरायच्या पंपाचं जुनं मीटर डॅशबोर्डला लावलं होतं. त्याचा काटा पहिल्या गिअरमध्येच हलायला लागला तेव्हा थांबलो. पुन्हा पोती भरली, पुन्हा तो चढ. गाडी गेली. पहिल्या गिअरमध्ये, शीळ घालत, म्हातारी काठी टेकत जाते तशी ठाम गेली.

त्या गाडीचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी दुसरं काही सांगायचं उरणार नाही. आक्का तीच गाडी शिकली. त्या भागात गाडी चालवणारी बाई लोकांनी पहिल्यांदा बघितली ती आक्काच असणार. काही वर्षांनी टर्बोचं बेअरिंग गेलं, तसं दुसरं मिळालं नाही, आणि पेट्रोलही परवडेना. टर्बो काढला. गाडी नांदेडच्या एका हौशी माणसानं नेली. चाँदभाई आता नाही. आमच्या गाडीचा एकही फोटो आम्ही काढला नाही, याची हळहळ मला अजून आहे. परवा कुणी विचारलं, पुरावा काय? मी म्हणालो, मी.

तर तो दिवस. आक्कानं बाजारचा दिवस सांगितला होता, म्हणजे ओटा भरलेला. मी आणि चाँदभाई सकाळीच ओढ्यापाशी पोचलो. मला वाटलं होतं आक्का पुढच्या सीटवर बसेल आणि आम्ही वर जाऊ. आक्का वस्तीतून आली, तिच्यामागे सखाराममामा आणि त्या दिवशी ढकलायला आलेले सगळे. धुतलेले कपडे, पण चेहरे संकोचलेले.

"ही बसतील गाडीत," आक्का म्हणाली.

"आक्का, एवढी न्हाई मावायची. वजन लय होईल."

"त्या दिशी ढकलली कुणी?"

माणसं बसली. पुढे मामा आणि एक गडी, मागे बाकीचे एकमेकांच्या मांडीवर. गाडीच्या कमानी खाली बसल्या. आक्का बसली नाही. "मी वर थांबते," म्हणाली आणि पदर खोचून एकटीच चढ चढून गेली. वेशीत, ओट्याच्या शेजारी, उभी राहिली. चाँदभाई हातात मोठा दगड घेऊन गाडीच्या मागे चालायला लागला. गाडी घसरलीच तर चाकाला लावायला.

विहिरीचा वळसा घेतला आणि पहिला गिअर टाकला. शीळ आली. काटा हलला. फरशा चाकांखाली एकेक करून जायला लागल्या. निम्मा चढ झाला, त्या दिवशी गाडी मेली ती जागाही गेली. मामा दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून समोर बघत होते. आणि वेशीतून एक भरली बैलगाडी उतारावर बाहेर पडली.

बैलांना थांबवता येत नव्हतं. मला थांबावंच लागलं. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. शीळ विझली. काटा शून्यावर. बैलगाडी घासून खाली गेली. आता मला भरल्या गाडीनिशी उभ्या चढावर जागेवरून निघायचं होतं, आणि याची परीक्षा मी पोत्यांवर कधीच घेतली नव्हती.

ओट्यावरचा एक तरुण गडी उठला. खरंच मदतीला निघाला असावा, चेहरा तसाच होता. आक्कानं त्याच्याकडे बघून हात वर केला. "राहू द्या," एवढंच म्हणाली. तो जागेवर थांबला. मागच्या आरशात मला चाँदभाई दिसत होता. दगड त्याच्या हातातच होता, त्यानं तो चाकाला लावला नाही.

मी एक्सलेटर दाबला, क्लच अर्धा सोडला आणि तिथंच धरून ठेवला. इंजिन ओझ्याखाली आलं. क्लच जळायचा वास सुटला. मी धरूनच ठेवला. काटा थरथरला, मग उठला. शीळ सुरू झाली, आणि हँडब्रेक सोडला तेव्हा गाडी मागे एक बोटभरही आली नाही. वर निघाली. ओट्यापाशी आलो तेव्हा दादारावांनी रस्त्यावर सोडलेले पाय उचलून वर घेतले. वेशीतून आत, बाजारातून, माणसं बाजूला होत गेली, आणि आम्ही शाळेच्या मैदानात जाऊन थांबलो. आक्का मागून चालत आली. घाईनं नाही.

क्लच जळून गेला होता. तो मी नंतर बदलला. पुढे मी मोठी मोठी कामं केली, खात्यानं कौतुकाचे चार शब्दही म्हटले. पण माझ्या हातून सगळ्यात चांगलं काय झालं असेल, तर त्या चढावरची ती निम्मी वाट.

आक्कानं स्वतः दार उघडलं. सखाराममामा उतरले आणि वाकून चपला काढायला लागले. वेशीच्या आत चपला हातात घेऊन चालायची त्यांच्या लहानपणापासूनची सवय होती, कुणी सांगायची गरज नव्हती.

"मामा, पायात असू द्या," आक्का म्हणाली. "माझी शाळा हाय."

मामा थोडे थांबले. मग चपला नीट पायात सरकवल्या, सदऱ्याची घडी सारखी केली आणि चपलांचा आवाज करत शाळेच्या पायऱ्या चढून वर गेले.